शालनचं उभं नवरात्र

हा अनुभव सांगायचं मी आयुष्यभर टाळलं. आमच्या भागात माझी बायको शालन हिचं नाव निघालं की वयस्कर बाया अजून हात जोडतात. म्हसवडच्या सिद्धनाथाच्या दारात उभी राहिली, दुखणं अंगावर काढलं, पण नवस मोडू नये म्हणून कुणाला अवाक्षर बोलली नाही, अशी तिची गोष्ट सांगतात. लग्नाच्या मांडवात ऐकली, देवळात ऐकली, एकदा तर एका कीर्तनकार महाराजांनी माझ्यासमोरच सांगितली. दर वेळी मी खाली मान घालून बसलो. लोकांनी ते माझं दुःख समजून घेतलं, कुणी पाठीवरून हात फिरवला. पण त्या गोष्टीतली एक ओळ खोटी आहे आणि ती माझ्या तोंडून गेलेली आहे. आता माझ्या पाठीमागे ती दुरुस्त करणारं कुणी उरणार नाही, म्हणून लिहायला बसलो.

आमचं गाव माण तालुक्यात, म्हसवडपासून चालत जाण्याच्या अंतरावर. मी फौजेत होतो. बांगलादेशच्या लढाईच्या वेळी बरेच दिवस माझी खुशाली घरी कळली नव्हती. तेव्हा आईनं सिद्धनाथाला बोलून टाकलं, की पोरगा धडधाकट घरी आला तर पाच वर्षं आमच्या घरातलं माणूस तुझ्या दारात उभं नवरात्र करील. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या नाथाचं नवरात्र दिवाळीच्या पाडव्याला बसतं आणि तुळशीच्या लग्नाला उठतं. जो उभा राहण्याचा नवस करतो त्यानं हे बारा दिवस बसायचं नाही, आडवं व्हायचं नाही. चालायला मोकळीक असते. झोप अनावर झाली तर टांगलेल्या फळीवर हात आणि डोकं टेकून उभ्या उभ्याच डुलकी काढायची. पाय सुजून खांबासारखे होतात. तरी माणसं हे करतात, आनंदानं करतात, आणि त्यांच्या तोंडावर जे तेज येतं ते मी पाहिलं आहे. त्या श्रद्धेला मी आजही नावं ठेवत नाही.

पहिली दोन वर्षं आई उभी राहिली. मग तिचे गुडघे गेले आणि शालन उभी राहू लागली. मी लढाईवरून धडधाकट आलो होतो, पण माझी रजा कधी त्या दिवसांत पडायची नाही, आणि खरं सांगायचं तर पडावी म्हणून मी खटपटही केली नाही. घरातलं माणूस उभं आहे ना, मग झालं, असं मला वाटायचं. पाचव्या, शेवटच्या वर्षी मला दिवाळीत रजा मिळाली. भाऊबीज होऊन गेल्यावर मी कराडला गाडीतून उतरलो आणि एसटीनं थेट म्हसवडला देवळातच गेलो. ओवरीत उभ्या असलेल्या बायांमध्ये शालनला शोधायला मला वेळ लागला, कारण तिचा उजवा गाल सुजला होता आणि चेहरा ओळखू येत नव्हता.

तिची खालची दाढ दसऱ्यापासून दुखत होती. आईनं आपल्या परीनं सगळं केलं होतं. लवंग धरायला दिली, मिसरी लावली, ओव्याची पुरचुंडी तव्यावर तापवून गाल शेकला. दाढेत किडा आहे म्हणून रिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून नळीनं तोंडात धुरीसुद्धा दिली. गावातल्या डॉक्टरांनी पाडव्याच्या आधी सांगितलं होतं की दाढ काढावी लागेल. पण घट बसायच्या तोंडावर अंगातलं रक्त सांडायचं नाही, अशी आमच्या घरची समजूत. तेव्हा नवरात्र उठल्यावर दाढ काढू असं ठरलं. मी आलो तेव्हा देवळात तिच्या सोबतीला असलेल्या आईनं हे सारं मला सांगितलं आणि मी मान डोलावली. फौजेत दाढ दुखली तर आम्ही काय करायचो ते मला माहीत होतं. तंबूतल्या डॉक्टरसमोर रांगेत उभं राहून, तोंड उघडून, दाढ काढून मोकळे व्हायचो. पण गावात पाऊल टाकलं की मी फौजी राहायचो नाही, आईचा पोरगा व्हायचो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्यासाठी दूध घेऊन गेलो. तिला तोंड नीट उघडता येत नव्हतं, पेल्यातलं निम्मं दूध हनुवटीवरून ओघळलं. सूज गालावरून खाली, हनुवटीच्या तळाशी उतरली होती. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून ती मला म्हणाली, "आवं, मी जरा बसू का? थोडंच. डोस्कं गरगरतंय. दाढंचं दुखणं आता गळ्यात आलंय."

तिच्याशी घरात मी गावचीच बोली बोलायचो. मी म्हणालो, "आता किती ऱ्हायलंय? पाच वर्सं झाली, आन् आता बसून घालवतीस व्हय?"

ती पुन्हा म्हणाली, "मला लय तरास हुतोय वो. डाक्टरकडं न्या मला."

"तुळशीचं लगीन झालं की त्याच दिशी नेतो," मी म्हणालो.

तिनं पदर तोंडाला लावला. हे बोलणं देवळाच्या ओवरीत, भर उजेडात, माझ्या आणि तिच्यात झालं. दुसऱ्या कुणी ऐकलं नाही असं मला वाटलं होतं.

पण पलीकडच्या खांबाला टेकून एक म्हातारी बसली होती. धनगराची असावी, खांद्यावर काळं घोंगडं, हातात काठी. मेंढरं नदीच्या पात्रात सोडून दर्शनाला आली असावी. ती उठून सरळ माझ्यासमोर आली.

"कुणासाटी हुबी हाय रं ही?"

"नवस हाय आमच्या घरचा," मी म्हणालो.

"नवस कुणापायी केल्ता?"

मी सांगितलं, माझ्यासाठी, मी लढाईवरून जिवंत आलो म्हणून.

म्हातारीनं मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "म्हंजी शिपाई हायस. सरकार तुला हुबं ऱ्हायचा पगार देतंय, आन् हितं हुबी बायकू?" शेजारच्या दोन बाया तोंडाला पदर लावून हसल्या. म्हातारी मात्र हसत नव्हती. "तिचा गळा बघ की लेकरा. मेंढराला असा गळा आला तर आमी त्येला खांद्यावर घालून नेतो. तिला बसव. तिच्या जागी मी हुबी ऱ्हाते. नाथाला पाय मोजायचं हायत, कुणाचं का असंनात."

मला राग आला. एका अनोळखी बाईनं चारचौघांत माझी चेष्टा केली हे मला झोंबलं. मी तिला म्हणालो, "अशी रीत न्हाई. ज्यानं घट बसवला त्यानंच उठवायचा. तू तुजी मेंढरं बघ, म्हातारे." ती पुन्हा खांबाला जाऊन टेकली. शालन माझ्याकडे बघत होती. रीत नाही हे मी कुठल्या पुजाऱ्याला विचारलं नव्हतं. पुढे विचारलं तेव्हा ते म्हणाले, घरचं दुसरं कुणी उभं राहिलं असतं तरी चाललं असतं. म्हणजे मीच तिथे उभा राहिलो असतो तरी नवस पुरा झाला असता. माझे दोन्ही पाय शाबूत होते.

त्यानंतरचा दिवसही तसाच गेला. आई शेकत राहिली. त्या शेकानं विष आणखी पसरतं हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. तिचा त्यात काही दोष नाही. शालनचा आवाज बदलला, तोंडात गरम घास धरून बोलावं तसा झाला. तिला थुंकी गिळता येईना. अंगात ताप फणफणत होता. मी बाजारात नारळ आणि हळद घ्यायला गेलो, तुळशीच्या लग्नाची तयारी करायची म्हणून.

त्याच्या पुढच्या दिवशी, सकाळची आरती चालू असताना, 'सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं' असा गजर झाला आणि त्याच गजरात शालनचे गुडघे वाकले. मी धावलो, पण माझ्या आधी ती म्हातारी पोहोचली होती. ती गेलीच नव्हती. दोन्ही दिवस ती त्या खांबाशी होती. तिनं शालनला काखेत धरून अलगद खाली बसवलं, पाठ खांबाला लावून दिली, आणि आडवं करायला पुढे आलेल्या बायांना काठीनं मागं सारलं. "निजवू नगा, दम घुसमटंल तिचा. बशीवूनच न्यायाची." मग ती स्वतः उठून शालनच्या जागी, त्या टांगलेल्या फळीपाशी उभी राहिली आणि मला म्हणाली, "आता नवस माजा. तू हिला ने. मागं बगू नगंस."

या खेपेला मी रीत विचारली नाही. गावच्या डॉक्टरांनी गळा बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. गळा हनुवटीपासून खाली लाकडासारखा टणक झाला होता, जीभ वर उचलली गेली होती. त्यांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, "दाढेचं विष गळ्यात उतरलंय. श्वासाची वाट बंद व्हायच्या आत सांगली गाठा. वाटेत आडवं करू नका." म्हातारी जे बोलली तेच. सांगलीला निघालेला एक मालट्रक अड्ड्यावर उभा होता. ड्रायव्हरला मी नुसते हात जोडले. त्यानं क्लीनरला मागं मालावर बसवलं आणि आम्हाला पुढं घेतलं. विट्याला चहा प्यायला थांबायची त्याची रोजची सवय असावी, कारण टपरीवाल्यानं हात केला. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवून गाडी पुढे काढली. तासगावच्या फाट्यावर त्यानं ओळखीच्या एका माणसाकडे, मी सांगितलेल्या पत्त्यावर, शालनच्या माहेरी निरोप धाडला. सारी वाट शालन पुढे वाकून बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, आणि प्रत्येक श्वासाला तिच्या गळ्यातून शिट्टीसारखा आवाज येत होता. मी नाथाचं नाव घेत होतो. देव आहे की नाही असा प्रश्न माझ्या मनात त्या ट्रकमध्ये आयुष्यात पहिल्यांदा आला. त्याचं उत्तर शेजारी स्टिअरिंग धरून बसलं होतं आणि म्हसवडला फळीला टेकून उभं होतं, पण ते मला तेव्हा दिसलं नाही.

सांगलीच्या दवाखान्यात त्यांनी एक क्षण वाया घालवला नाही. आधी गळ्याला खाली छिद्र पाडून श्वासासाठी नळी बसवली. मग जबड्याखाली दोन्ही बाजूंनी चिरा देऊन पू वाहून जायला रबरी पट्ट्या ठेवल्या आणि ती दाढ काढली. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "आणखी थोडा उशीर झाला असता तर दारातच गेली असती." दुसऱ्या दिवशी शालन शुद्धीवर होती. नळीमुळे बोलता येत नव्हतं, पण डोळे स्वच्छ होते. तिचे वडील, माझे सासरे, द्राक्षाच्या बागेतलं काम टाकून आले होते. सोबत आमच्या लहान मुलीला घेऊन आले होते. नवरात्रात ती आजोळी असायची. शालननं तिच्या केसांतून किती तरी वेळ बोटं फिरवली. सिस्टर नळी साफ करायला आल्या तरी मुलीचा हात तिनं सोडला नाही. नंतरचे ते थोडे दिवस मला कुणी दिले असं विचाराल तर मी त्या म्हातारीचंच नाव घेईन, पण मला तिचं नाव माहीत नाही.

त्याच दिवशी डॉक्टर फेरीला आले. त्यांनी केसपेपर बघितला आणि खाटेशी उभं राहून मला विचारलं, "दाढ इतके दिवस दुखत होती, गळा सुजत होता, आणि तुम्ही सगळे काय करत होता? आधी का नाही आणलं?" आवाज चढलेला नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. सासरे माझ्या शेजारी उभे होते. मी म्हणालो, "तिनं कुणाला सांगितलंच नाही, साहेब. नवस मोडेल म्हणून अंगावर काढलं."

शालन जागी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला नकारार्थी मान हलवता आली असती, हात उचलता आला असता. तिनं तसं काही केलं नाही. एकदा वडिलांकडे पाहिलं आणि डोळे मिटले. सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते डॉक्टरांना म्हणाले, "लहानपणापासनं अशीच हाय साहेब ही. पायात काटा मोडला तरी बोलायची न्हाई." माझं खोटं असं तिच्या बापाच्या मायेनं पक्कं झालं. तेच पुढे गावात गेलं आणि त्याची गोष्ट झाली.

तीन-चार दिवस ती सुधारली. ताप उतरला, पट्ट्यांतून येणारा घाण वास कमी झाला. सिस्टर म्हणाल्या, नळी लवकर काढू, मग बोलतील तुमच्याशी. मी त्याची वाट बघत होतो आणि त्याला भीतही होतो. एका दुपारी सासरे मुलीला घेऊन नदीकडे गेले होते आणि खाटेपाशी मी एकटाच होतो. बोलायची तीच वेळ होती. मी म्हणालो, "शालन." तिनं मान वळवली. मी म्हणालो, "आई बरी हाय. म्हस गाभण हाय म्हणं आपली." तिनं ऐकून घेतलं. मग तिनं हातानं खाटेची कड दाखवली, मी टेकावं म्हणून. मी कधीपासून उभाच होतो. मी तिथं टेकलो, तिचा हात हातात घेतला, आणि तरीही ते एक वाक्य माझ्या तोंडातून निघालं नाही. नळी निघाल्यावर बोलू, असं मी मनाशी म्हटलं. पुन्हा मी पुढची वेळ ठरवली, जशी दाढेसाठी ठरवली होती.

नळी निघाली नाही. पुन्हा थंडी वाजून ताप आला, छातीत दुखू लागलं. पू गळ्यातून छातीत उतरला होता. डॉक्टरांनी जे जे हाती होतं ते सगळं केलं, मला त्यांच्याविषयी कृतज्ञतेशिवाय काही वाटत नाही. एका सकाळी ती गेली. कृष्णेच्या घाटावर तिला अग्नी दिला. सासऱ्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "जावईबापू, तुमी लय धावपळ केली तिच्यासाटी. तुमचा काय बी दोष न्हाई." मी ते ऐकून घेतलं. ते हयात असेपर्यंत अनेकदा भेट झाली, आणि अनेकदा मी ते तसंच ऐकून घेतलं.

दिवसकार्य झाल्यावर मी म्हसवडला गेलो. पुजाऱ्यांना म्हातारीचं विचारलं. ते म्हणाले, तुळशीच्या लग्नापर्यंत ती शालनच्या जागी उभी होती. बसली नाही, कुणाशी फारशी बोलली नाही. घट उठले तसा नारळ फोडला, तीर्थ घेतलं आणि मेंढरांच्या मागं निघून गेली. कुठली, कुणाची, कुणाला माहीत नव्हतं. मेंढपाळांचे वाडे, कळप आणि बिऱ्हाडं घेऊन, त्या दिवसांत खाली कर्नाटकाकडे उतरतात. मी पुढच्या रजांत तळांवर जाऊन विचारलं, पत्ता लागला नाही. आई मरेपर्यंत म्हणायची, ती प्रत्यक्ष नाथाची अर्धांगी जोगुबाई होती, त्यानंच धाडलेली. मी आईशी वाद घातला नाही, आजही घालत नाही. मला एवढंच आठवतं की तिच्या टाचांना खोल भेगा होत्या, त्यांत माती बसलेली होती, आणि मी केलेल्या अपमानानंतरही ती दोन दिवस तिथून हलली नव्हती.

देवाला शरण जाणं म्हणजे दिलेला शब्द दात आवळून पाळणं, असं मी तेव्हा समजत होतो. शब्दही माझा नव्हता, दातही माझे नव्हते. देवानं मदत धाडली ती शालननं मागितली त्याच सकाळी, घोंगडं घेऊन, आणि मी तिला रीत शिकवली. आता रोज सकाळी नाथापुढे बसतो तेव्हा काही मागत नाही. जो कुणी समोर येऊन सांगेल ते ऐकायची बुद्धी दे, एवढंच म्हणतो. त्या म्हातारीला, त्या ट्रकवाल्याला, गळ्याला चीर देणाऱ्या हातांना नमस्कार करतो. त्यांच्यामुळे मुलीला आई अखेरची भेटली आणि मलाही खाटेच्या कडेवर ती एक दुपार मिळाली. ती मी वाया घालवली, हा माझा दोष, त्यांचा नाही.

मुलीनं हे वाचावं. तिची आई मुकाट्यानं सोसणारी नव्हती. तिनं मदत मागितली होती, दोनदा मागितली होती, आणि ज्याच्या जिवासाठी ती उभी होती त्याच्याकडेच मागितली होती. डॉक्टरांना, तिच्या बापाला आणि साऱ्या गावाला मी उलटं सांगितलं. त्या दुपारी म्हशीची गोष्ट काढण्याऐवजी मला जे बोलायचं होतं ते फार मोठं नव्हतं. शालन, तू मला सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही, आणि मग तू सांगितलंच नाहीस असं म्हणालो. मला माफ कर.